आडवी निघणारी बाटली

“काकू, बाटली बसंल, पण निघायची न्हाय,” सायकल दुकानातला गुंडू म्हणाला आणि त्याने लगेच ते करून दाखवलं. सायकलच्या चौकटीत बाटली गेली खरी, पण वर ओढल्याबरोबर मधल्या जाड स्प्रिंगवर आपटून अडकली. “ह्यो शॉकअप हाय की मधी. जागाच कुठं हाय हितं?”

श्यामला वाकून बघत होती. डोंगरात चालवायची ती गिअरची सायकल तिच्या मुलाची, अर्णवची. पुण्याला नोकरी लागली तसा तो ती जिन्याखाली टाकून गेला आणि तिच्यावर जुने पडदे साचत गेले. कागलच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर श्यामलानेच ती बाहेर काढली, पुसली, सीट खाली घेतली आणि रंकाळा तळ्याभोवती फिरून, पडून, गिअर शिकली. गल्ली हसली. हसू दे, श्यामला म्हणाली.

येत्या रविवारी तिला संयोगिताने जमवलेल्या बायकांच्या सायकल-गटाबरोबर पन्हाळा चढायचा होता, तोही पाय न टेकता. मागच्या खेपेला पाठीवरच्या पिशवीतलं पाणी काढायला ती वाघबिळाच्या चढावर उतरली आणि एकदा उतरल्यावर सायकल पुन्हा काही हलेना. बाकीच्या पुढे गेल्या, ही ढकलत गेली. कुणी काही बोललं नाही, तरी ते तिला फार लागलं. सासूचं दुखणं, रात्रपाळ्या, अर्णवचे क्लास, सगळं तिने ओढलं होतं. पण ते सगळं अंगावर आलेलं. स्वतःला हवंसं वाटलेलं असं हे पहिलंच.

“खालच्या अंगाला लावू?” गुंडूने विचारलं. “पर मग रस्त्यावरचं शेण-चिखल समदं बाटलीच्या तोंडावर.”

“नको बाबा.”

हँडलला अडकवायची पिशवीही तिने लावून बघितली. वळताना हँडल जड जात होतं. शेवटी गुंडूने मागच्या खोक्यातून एका बाजूने उघडा असलेला होल्डर काढला. “ह्यो बघा. बाटली वर न्हाय वढायची, आडवी वढायची. फकस्त बुटकी बाटली लागंल.”

गुंडूने सायकल धरली, श्यामला वर बसली. खाली न बघता बाटली काढायची, परत ठेवायची, पुन्हा काढायची. हाताला सवय होईपर्यंत तिने गुंडूला हलू दिलं नाही.

“काकू, आता सोडू का? हात गेला माजा.”

तिचे यजमान, निवृत्त शिक्षक दत्तप्रसाद, दुकानाच्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभे होते. “अहो, उजवीकडून बरं की डावीकडून?” तिने विचारलं.

“तुला हवं तसं घे,” ते म्हणाले.

एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी वाद घालणारा माणूस! श्यामलाला वाटलं, चला, उशिरा का होईना, ह्यांना उमगलं. तिला त्यांचं कौतुक वाटलं. त्या संध्याकाळी तिने मुद्दाम त्यांच्या आवडीची थालीपिठं लावली, वर लोणी घालून.

शनिवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. एक तरणा माणूस उतरला. “मी सम्राट, इचलकरंजीचा. अर्णवदादांची सायकल घेतलीया न्हवं, ती न्ह्यायला आलोय.”

काहीतरी घोटाळा झालाय, असं सांगायला श्यामला वळली, तर दत्तप्रसाद सायकलच्या कुलपाची किल्ली हातात घेऊनच बाहेर येत होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, त्याची वस्तू, त्याने विकली. मंगळवारीच फोन आला होता.”

“मंगळवारी? आणि दुकानात तर आपण बुधवारी गेलो.”

“तू इतकी हौसेने निघाली होतीस. म्हटलं, मोडता कशाला घाला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “आणि हे काय वय आहे का घाट चढायचं? पडलीस म्हणजे?”

तिने अर्णवला फोन लावला. “आई, तू चालवतेस ते माहीत होतं गं, पण तळ्यापर्यंतच ना? तुला साधी लेडीज सायकल घेऊ की, पुढे बास्केटवाली. भाजीला बरी पडेल.” तो अगदी मायेने बोलत होता, म्हणून तिला जास्तच संताप आला. ओरडावं असं वाटलं. “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला.

सम्राट चौकटीत डोकावत होता. “होल्डर झकास हाय की! काढून ठेवणार हाय का, काकू?”

“असू दे,” श्यामला म्हणाली. “बाटली आडवी ओढायची. सरळ ओढलीत तर अडकेल.”

रविवारी उजाडताना गल्लीत घंट्या वाजल्या. “श्यामलाताई, आवरलं का न्हाय?” संयोगिता खालून ओरडली.

श्यामला गॅलरीत आली. खरं काय ते तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण गल्ली कान टवकारून होती, आणि घरच्यांची लाज झाकायची सवय तिला फार जुनी.

“गुडघा धरलाय गं. व्हा तुम्ही पुढे.”

“आं? परवा तर ठणठणीत हुता की!”

“रात्रीत धरला.”

“मग शेक घ्या. फुडच्या रविवारी जाऊया.”

“हो, हो.”

आतून दत्तप्रसाद पडल्या पडल्याच म्हणाले, “बरं केलंस. घरातलं घरात राहिलं.”

श्यामला दूध आणायला किटली घेऊन खाली उतरली. कोपऱ्यावर बायका अजून थांबलेल्याच होत्या. कुणाची तरी चेन पडली होती. संयोगिताने तिला बघून हात हलवला.

श्यामलाने पटकन भिंतीचा आधार घेतला. दुखत काहीच नव्हतं, महिनाभर कमावलेले गुडघे चांगले टणक होते. त्या सगळ्या बघत होत्या, आणि ती भिंतीला धरून, एक पाय ओढत, लंगडत दूध आणायला गेली.