शुद्ध अंतःकरणाचा बल्ब

रविवारी सकाळी वरच्या बिऱ्हाडात इतकी गर्दी होती, की चपला काढायला जागा नव्हती. मी त्या हातात घेऊनच आत शिरलो. मधोमध ऊर्जामहाराज बसले होते आणि त्यांच्या तळहातावर बल्ब लागला होता. ना वायर, ना सॉकेट. लोक श्वास रोखून बघत होते.

या घरात तिघी भाड्याने राहतात. थोरली ताई बँकेत कॅशियर, मधली नर्स आणि धाकटी पार्लरवाली. विजेचं बिल फुगल्यापासून तिथे रोज भांडणं. ताईचा संशय नर्सवर. ती रात्रपाळी करून येते आणि दिवसभर पंखा लावून झोपते. शेवटी निवाड्यासाठी महाराज आले. नर्स दोषी ठरली तर तिने आजच खोली सोडायची, असं ठरलं होतं. ठरवणारी अर्थात ताईच.

"वीज म्हणजे अंतःकरणाचा प्रवाह," महाराज सांगत होते. "घराची वीज चोरून खाणाऱ्याच्या हातात हा दिवा लागणार नाही."

ताईच्या हातात लख्ख लागला. पार्लरवालीच्या हातात लागला. माझ्याही हातात लागला, तेव्हा मात्र मला शंका आली.

नर्सच्या हातात अंधार.

"भर बॅग," ताई म्हणाली.

"भरते. पण महाराज, बाकीच्यांच्या तळव्यावर तुम्ही बल्बचं धातूचं टोक टेकवलंत. मला काचेकडून का धरायला दिलात?"

"बेटी, प्रश्नांनी प्रवाह तुटतो."

नर्सने ओट्यावरचं ओलं फडकं आणून बल्बचं टोक त्यात खुपसलं. बल्ब लख्ख.

"अगंबाई, हे तर ताईंइतकंच निर्मळ निघालं," पार्लरवाली म्हणाली. "काल मी याने तवा पुसला होता."

"याच्या पोटात बॅटरी असते," नर्स म्हणाली. "वॉर्डात लाइट गेली की आम्ही असलेच बल्ब वापरतो. टोकाच्या दोन ठिपक्यांना ओलसर हात एकाच वेळी टेकला, की बल्ब लागतो. काचेकडून धरला तर कुणाच्याच हातात लागत नाही. धरा बरं तुम्ही."

महाराजांना अचानक दुसऱ्या घरचा निवाडा आठवला. बल्ब तिथेच राहिला.

"मग वीज खातं कोण?" ताईने विचारलं.

"मीटरला विचारू," नर्स म्हणाली.

मीटर जिन्याखाली, माझ्या दाराशी. त्यातला लाल ठिपका वीज जास्त वापरली की भराभर लुकलुकतो. त्या वेळी त्याला धाप लागली होती. नर्सने वर जाऊन पंखा बंद केला, धाप तशीच. मग ओरडून सांगत गिझर बंद केला. ठिपका निवृत्त माणसासारखा सावकाश डोळे मिचकावू लागला.

"गिझर चालू होता?" ताई म्हणाली. "मी ठेवते, हिची अंघोळ राहिली असेल म्हणून."

"आणि मी ठेवते तुमची राहिली असेल म्हणून," पार्लरवाली म्हणाली.

"मी आल्यावर बघते, तर चालूच," नर्स खाली येत म्हणाली. "मला वाटतं, तुम्हा दोघींपैकी कुणाची तरी बाकी आहे."

वर गरम पाण्याचा नळ गळका. थेंब पडत राहतात, गिझर तापत राहतो.

वाचकहो, घरातला चोर शोधायला महाराज आणण्याआधी एकेक बटण बंद करून मीटरकडे बघा. मीटर दक्षिणा घेत नाही आणि तोंड बघून निवाडाही देत नाही.

ताई जिना चढताना नर्सला म्हणाली, "बॅग मी रिकामी करते. तू झोप आता. आणि पंखा लाव गं, उकडतंय."