गबदुलचा खरा रंग

माझा दादा रंगांच्या दुकानात रंग मिसळतो. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा नखाएवढा पोपडा घेऊन येतं आणि दादा त्याला हुबेहूब तोच रंग करून देतो. असा माणूस रुसला की त्याचा रुसवाही पक्का असतो, पावसापाण्याने न जाणारा. गेल्या उन्हाळ्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. कारण काय, तर मी बाबांच्या घरातला जुना टीव्ही भंगारवाल्याला दिला.

तो टीव्ही म्हणजे एक लाकडी खोकं. वर आईने शिवलेली जाड कापडी खोळ, आत उंदरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. कित्येक वर्षांत त्यावर चित्र सोडाच, मुंग्यासुद्धा दिसल्या नव्हत्या. बाबांचं घर रंगवायला काढलं तेव्हा मी तो खोळीसकट देऊन टाकला. दादाने येऊन रिकामा कोपरा पाहिला, "मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाला आणि चपला घालून चालू पडला. त्यानंतर सगळा कारभार वहिनीमार्फत. खोक्यासाठी मी माफी मागणार नाही, असं मीही ठणकावून सांगितलं. सांगितलं नवऱ्याला, कारण दादा फोनच उचलत नव्हता.

पण मला करमत नव्हतं, हे खरं. नवऱ्याचं आणि माझं केक-पावाचं दुकान आहे. दादाचा वाढदिवस आला तशी मी ठरवलं, त्याला गबदुलचा केक करून पाठवायचा. तो पाहूनही बोलला नाही, तर मग समजायचं की आपल्याला भाऊ नाही.

गबदुल हा रविवारी सकाळी लागणाऱ्या कार्टूनमधला पाणघोडा. पाण्याला घाबरणारा. दर रविवारी तो आज आंघोळ करणारच म्हणून तळ्यावर जायचा आणि दर रविवारी एक बगळा त्याचा टॉवेल पळवायचा. बस, एवढीच गोष्ट. आजकालच्या कार्टूनमध्ये जग वाचवायचं असतं, आमच्या वेळी टॉवेल वाचला तरी पुष्कळ होतं. दादा आणि मी एकाच सतरंजीवर पालथे पडून ते बघायचो आणि त्याची आंघोळ चुकली की आम्हालाच सुटल्यासारखं वाटायचं.

मी सकाळपासून खपून गबदुल उभा केला. निळं डोकं, नारिंगी पोट, हिरवे पाय. नवरा पाव भट्टीतून काढून आला आणि बघतच राहिला.

"हा कोण?"

"गबदुल."

"गबदुल पिवळा होता."

माझा नवरा लहानपणी सुखवस्तू घरात वाढला आहे, त्यामुळे त्याला बऱ्याच गोष्टी माहीत नसतात. मी त्याला शांतपणे समजावलं, की गबदुल उभा असताना तीन रंगांचा असायचा, पण त्याचे रंग मनाप्रमाणे बदलायचे. घाबरून खाली बसला की हिरवा व्हायचा. ऐटीत खडकावर चढला की निळा. यावर मी शाळेत निबंध लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

नवऱ्याने हात पुसले, फोनवर शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. गबदुल होता. लिंबासारखा पिवळा, डोक्यापासून पायापर्यंत. बगळा मात्र पांढरा होता, तेवढंच काय ते माझं बरोबर निघालं असं वाटून मला हायसं वाटलं. मग आठवलं की आमचा बगळा नारिंगी होता.

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, आपला टीव्ही रंगीत होता ना?"

"वरून रंगीत होता," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा बाजारात कृष्णधवल टीव्हीच्या काचेवर लावायचा तीनरंगी प्लास्टिकचा कागद मिळायचा. वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. आकाश, माणसं, गवत. "कंपनीने सगळा विचार केला होता," बाबा अजूनही कौतुकाने म्हणाले. "तू रंगीत टीव्हीसाठी जेवण सोडलं होतंस. दुपारचंच सोडलंस, रात्री दोन वेळचं जेवलीस, पण मला धसका बसला. सकाळी तुला म्हटलं, बघ, आला रंगीत टीव्ही."

मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले. बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे होते. मला वाटायचं, मोठ्या हुद्द्यावरच्या बायका तसे करून घेतात.

"दादाला माहीत होतं?" मी विचारलं.

"ते त्यालाच विचार," म्हणून बाबांनी फोन ठेवला.

नवरा आतापर्यंत हसून हसून भट्टीला टेकला होता. मग जरा सावरून म्हणाला, "वेळ आहे अजून. खरवडून काढ, पिवळं क्रीम मी करून देतो. तो माणूस आयुष्यभर रंग जुळवतोय. त्याला हे असलं पाठवलंस तर वाटेल, थट्टा करतेय."

म्हणणं बरोबर होतं. मी सुरी घेतली, गबदुलच्या निळ्या कानाला लावली. पण हात चालेना. पिवळा गबदुल माझा कोणी नव्हता. तो नवऱ्याच्या घरचा पाणघोडा होता. दादा हसला तर हसला, चिडला तर चिडला, मी आमचाच पाठवणार होते. कानाला पडलेली खाच बुजवली, केकच्या खोक्याला दोरा बांधला आणि नवऱ्याला स्कूटरवरून पिटाळलं.

तो परत येऊन म्हणाला, दादाने दार उघडलं, खोकं घेतलं आणि दार लावलं. मग मी उगाच बरण्या पुसत बसले. एका गिऱ्हाइकाला पावाऐवजी मेणबत्त्या दिल्या. दुकान बंद करायच्या सुमारास फोन वाजला आणि त्यावर दादाचं नाव होतं.

"पायांचा हिरवा गडद झालाय," दादा म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुला तो हिरवा आठवतो?"

"आठवायला काय झालं. बाबा चिकटपट्टी लावत होते आणि कागद मी धरला होता. तू झोपली होतीस."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? तो निबंध लिहिलास ना तू. घाबरला की हिरवा होतो. बाईंकडे द्यायच्या आधी शुद्धलेखन मीच तपासलं होतं." मग म्हणाला, "टीव्ही गेला त्याचं काही नाही गं, चिंगे. खोळीखाली काचेवर तो कागद होता अजून."

"मला सांगायचंस ना. मी काढून ठेवला असता."

"सांगायचं नाही असं ठरलं होतं बाबांचं आणि माझं," दादा म्हणाला. "म्हणून मग बोललोच नाही."

माफी मागणार नाही म्हणून मी ठणकावलं होतं, त्याचा साक्षीदार समोरच गल्ला आवरत उभा होता. "चुकलं माझं, दादा," मी म्हटलं. नवऱ्याने शहाण्यासारखी पाठ फिरवली.

पलीकडून दादाने नाक ओढल्याचा आवाज आला. मलाही तेच करायचं होतं, म्हणून मी विषय बदलला. "आणि डोक्याचा निळा? तो तरी जमलाय का?"

पोपडा उजेडात धरून बघताना घेतो तेवढा वेळ त्याने घेतला.

"डोकं मी खाल्लं," दादा म्हणाला. "आता ये आणि पाय तू संपव."