अंबरनाथ द्यायचं नाही

श्यामकांतांच्या घरात कोडं सुटलं नाही, तर हरणाऱ्याने एक गाव द्यायचं, अशी रीत होती. ती कुमुदिनीबाईंनी माहेराहून आणलेली. जेवताना त्या कोडं घालायच्या आणि ऑर्डनन्स फॅक्टरीत अख्खा विभाग सांभाळणारे श्यामकांत हमखास हरायचे.

"घे, वांगणी घे."

"वांगणी मागेच दिलीत. दुसरं काढा."

असं करत नेरळ गेलं, कल्याण गेलं, उल्हासनगर तर एकेका कॅम्पाने गेलं. अंबरनाथ तेवढं उरलं. शेवटचं कोडं कुमुदिनीबाईंनी हॉस्पिटलच्या खाटेवरून घातलं:

बसलं तर चालतं,
उठलं तर थांबतं,
जन्मभर चालूनही घर सोडत नाही,
एकाला पुरत नाही, दोघांना उरतं.

"सुटत नसेल तर अंबरनाथ द्या," त्या म्हणाल्या.

"विचार करायला वेळ दे," श्यामकांत म्हणाले. उत्तर ऐकायला त्या राहिल्या नाहीत.

आता अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच. मुलगा पुष्कर रसायनशास्त्र शिकून बदलापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागला होता. शिफ्टमुळे तिकडेच राहायचा, रविवारी यायचा. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत बोलून झालं की बाबा कुमुदिनीबाईंच्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसून कोडं काढायचे.

"सकाळी वाटलं, सायकल. पण सायकल घर सोडते. मग म्हटलं, घड्याळ. तर ते बसतं कुठे?" आणि फोटोकडे बघून, "हसू नकोस."

एका रविवारी पुष्करला राहवलं नाही. "झोपाळा, बाबा! आपल्या जुन्या फॅक्टरी क्वार्टरच्या व्हरांड्यातला. बसलं की चालतो, उठलं की थांबतो, घर सोडत नाही. इतकं सोपं तर आहे."

"झोपाळा," श्यामकांत हळूच म्हणाले. "हो की. एवढंच होतं होय?"

ते उठले. फोटोसमोरची खुर्ची त्यांनी उचलून भिंतीला लावली.

पुढच्या खेपेला घरात टीव्ही चालू होता. टाकी साफ झाली का, तर झाली. लिफ्ट? चालते. फोटोकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्यानंतरच्या रविवारीही तेच. आईशी त्यांचं जे काही चालू होतं ते आपणच बंद पाडलं, हे पुष्करला कळलं. पण बरोबर उत्तर परत कसं घ्यायचं, ते कळेना.

मग एके दिवशी प्रयोगशाळेत एका पांढऱ्या पावडरीची ओळख पटवायची होती. शेजारच्या टेबलावरची मीनल वैतागली. "तीन टेस्ट जुळल्या ना? मग सही कर की बाबा. जेवायला जायचंय."

"चौथी जुळत नाहीये."

"मग ते ते नाहीच. घाल परत डोकं!"

पुष्कर हातातली परीक्षानळी तशीच धरून उभा राहिला. कारखाना सुटल्यावर तो तडक अंबरनाथला गेला.

श्यामकांतांनी दार उघडलं. "आज कसा काय? बरं नाही का?"

"बाबा, माझं चुकलं. शेवटची ओळ बसत नाही. झोपाळा एकाला पुरायचा, तुम्ही दुपारी लोळायचात त्यावर. आणि दोघांना उरत कुठे होता? तुम्ही न् आई बसलात की मला खाली फरशीवर बसावं लागायचं."

श्यामकांतांनी वळून फोटोकडे पाहिलं. "पण मी तिला सांगून टाकलं, झोपाळा म्हणून."

"मग चुकीचं सांगितलंत."

"तरीच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "तरीच म्हटलं, कुमुद इतकं सोपं घालायची नाही." भिंतीची खुर्ची फरफटत पुन्हा जागेवर आली. "ऐकलंस का गं? अंबरनाथ मिळायचं नाही. शोधतोय अजून." मग ते वळले. "तू उभा काय? बस. चहा टाकतो."

पुष्कर बसला. बाबांनी कल्याण कसं गेलं ते सांगितलं. ते कोडं त्यांना येत होतं, पण ती जिंकल्यावर कशी हसायची ते बघायचं होतं, हेही सांगितलं. पुष्करने हे कधी ऐकलं नव्हतं, त्याने आणखी विचारलं. चहा गार झाला. समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागले. बोलणं संपेना, दोघांनाही उठवेना.

मध्येच पुष्कर गप्प झाला. मनातल्या मनात त्याने एकेक ओळ लावून पाहिली. पहिली, दुसरी, तिसरी. शेवटचीसुद्धा.

"काय रे? सुचलं काही?" श्यामकांतांनी जरा घाबरूनच विचारलं.

"नाही बाबा," पुष्कर म्हणाला. "अवघड आहे."