फाटकावरचं पान

टेकडीवरच्या फ्रेंच शाळेत वीसपेक्षा कमी मुलं निघाली, तर ती बंद करून खालच्या इंग्रजी शाळेत मिसळायची, असा राजधानी पोर्ट व्हिलाचा हुकूम घेऊन शाळा तपासनीस ओबेद मासिंग बोटीतून उतरला. गाव त्याच्या आईचं. त्यामुळे हुकूम त्याच्याआधीच पोचला होता. मुलं कमी आहेत हे त्यालाही ठाऊक होतं, पण वर्गात बसलेली मोजल्याशिवाय सरकार मानत नाही.

शाळेच्या फाटकावर नामेलेची, मनाईच्या झाडाची, पानं आडवीतिडवी बांधलेली. म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही. राजधानीतला एखादा साहेब गेलाही असता. ओबेदची प्राज्ञा नव्हती.

"मामा, हे कशासाठी?" त्याने गावच्या चीफ मालोनला विचारलं.

"नारळ राखलेत. लग्नासाठी."

आवारात एकच माड होता. "कुणाच्या लग्नासाठी?"

"मुलगी बघतोय अजून."

"बरं. मग पोरं कुठायत?"

चीफने हनुवटीने खालच्या शाळेकडे दाखवलं. पान बांधताना त्याच्या डोक्यात फक्त तपासनीस होता. पण पान काही माणूस बघून अडवत नाही. फ्रेंच शाळेच्या मारी-ओदील बाई आपली पोरं घेऊन सकाळपासून इंग्रजी शाळेच्या ओसरीवर बसल्या होत्या. पुढे कुठली भाषा पोटाला घालेल कुणास ठाऊक, म्हणून इथलं प्रत्येक घर एक पोर इकडे घालतं, एक तिकडे. आता सगळी भावंडं समोरासमोर बसून एकमेकांना वाकुल्या दाखवत होती. सरकारला इतकी वर्षं न जमलेलं काम चीफने परस्पर उरकलं होतं.

"रोगापेक्षा औषध जालीम!" दोघे खाली पोचले तेव्हा बाईंचे डोळे रडून सुजले होते. "शाळा वाचवलीत की पुरलीत, चीफ?"

"डुक्कर दिलं की पान निघतं," चीफ जमिनीकडे बघत म्हणाला. "ज्याला दार उघडून हवं, त्याने द्यायचं."

"माझं घ्या," बाई म्हणाल्या. "एकच आहे."

"अन् दार उघडलं की हा आत जाऊन मोजणार."

सगळे ओबेदकडे बघायला लागले. त्याला लाज वाटली, आणि हुकूम काढणाऱ्यांचा रागही आला. आईच्या परसात त्याचं डुक्कर होतं, सुळे छान वळलेलं, गावात मानाची पदवी घेताना द्यायला म्हणून पोसलेलं.

"माझं घ्या," तो म्हणाला. "पण बोट उद्या सुटते माझी. पान परवा काढायचं."

"आणि वरच्यांना काय सांगशील?"

"आत जाता आलं नाही म्हणून. खोटं काय त्यात?"

बाईंनी डोळे पुसले. "पुढच्या वर्षी पुन्हा येणार ना मोजायला?"

"हुकूम आला की यावंच लागेल, बाई. तोवर एक डुक्कर पोसून ठेवा."