लाँचरला बगल

मंगळवारी सकाळी धाकटीचा दात पडला तो एका हिरव्या ठिपक्यामुळे.

तिचा नवरा व्यायामशाळेत ठोसेबाजी शिकवायचा. सगळे त्याला वस्ताद म्हणत आणि हळूहळू घरात तीही तेच म्हणू लागली होती. कॉम्प्युटर त्याचा, त्यातला लढाईचा गेम त्याचा, खातंही त्याच्याच नावाचं. गेम खेळायचा तर आधी लाँचर नावाचा कंपनीचा प्रोग्रॅम उघडायचा, आणि हा लाँचर म्हणजे जिन्यातला चोंबडा शेजारी. कोण आलं, किती वाजता, किती वेळ बसलं, सगळी खबर वस्तादाच्या फोनवर. त्या सकाळी तो लोकांना शिकवत होता आणि फोनवर त्याच्याच नावापुढे गेम चालू असल्याचा हिरवा ठिपका पेटला.

तो घरी आला. दार लावलं, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताने एकच ठोसा दिला. धाकटी शिलाई मशीनवर आपटली. तोंड उघडलं तेव्हा रक्ताबरोबर दात हनुवटीवरून घरंगळला.

"कोणाबरोबर खेळत होतीस?"

"ताईबरोबर."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. बंदरावर क्रेन चालवायची आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिने धाकटीच्या दंडावरचे वळ पाहून वस्तादाला त्याच्या व्यायामशाळेत, सगळ्यांसमोर सुनावलं होतं. तेव्हापासून तिचं नाव घरात घ्यायचं नाही असा हुकूम होता. मंगळवारनंतर वस्तादाने धाकटीचा फोन काढून घेतला आणि बाहेर पडताना दाराला कुलूप घालू लागला. कॉम्प्युटर मात्र राहू दिला, कारण जेवण झालं की तो स्वतः त्यावर बसायचा.

"हात लावून बघ," तो म्हणाला. "मला तिथे बसून कळतं."

धाकटी घरीच ठोशांच्या पिशव्यांना चामड्याचे अभ्रे शिवायची. घर सहाव्या मजल्यावर. ओरडून उपयोग नव्हता. मागे एकदा ओरडली तेव्हा शेजाऱ्यांनी वस्तादालाच फोन करून बोलावलं होतं. सुजलेला जबडा घेऊन तिने दोन दिवस मुकाट्याने अभ्रे शिवले. शुक्रवारी तो सकाळी सहाला गेला, कुलपाचा आवाज झाला, आणि ती कॉम्प्युटरपुढे बसली.

गेम जुना होता. ती आणि ताई शाळेत असल्यापासून तो खेळत आल्या होत्या, आणि तेव्हा लाँचर नावाची भानगडच नव्हती. ती कंपनीने नंतर वर आणून बसवली. मग खालचा गेम अजून तसाच असणार. तिने गेमच्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबून फाईल कुठे ठेवली आहे ते शोधलं. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, आणि तिथे कुऱ्हाडीचं चित्र असलेली एकटी फाईल. हीच. तिने दोनदा टिचकी मारली आणि लाँचर टुणकन वर आला.

धाकटीने इंटरनेटची वायर उपटून काढली. कोपऱ्यात घड्याळाशेजारी पाहिलं तर लाँचर आधीपासूनच तिथे दबा धरून बसलेला. कॉम्प्युटर चालू झाला की तोही आपोआप जागा होत होता. तिने त्याला तिथून पुरता बंद केला, वायर परत लावली आणि पुन्हा कुऱ्हाडीवर टिचकी मारली. पडदा काळा झाला. मग रणशिंग वाजलं.

ताईने तिच्या घरच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर दोघींसाठी एक मैदान कायम उघडं ठेवलं होतं. त्याचा पत्ता गेममध्ये जपलेला होता. धाकटी आत शिरली, पण मैदानात कुणी नव्हतं. तिने लिहून ठेवलं, "उद्या सातला," आणि सगळं बंद केलं. दुपारी वस्ताद आला, जेवला, ढेकर देऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी सातला ताईचा शिपाई तटाजवळ उभा होता.

"बारके, फोन का बंद?"

"त्याने घेतला. दात पाडला. बाहेरून कुलूप आहे."

ताईचा शिपाई जागचा हलेना. शत्रूची टोळी आली, त्यांनी त्याचा हात तोडला, मग मान, तरी तो हलला नाही. बऱ्याच वेळाने अक्षरं उमटली.

"बुधवारी रजा टाकते. कटर घेऊन येते. पोलिसांना आजच सांगू?"

"नको. पोलीस त्याचेच शिष्य आहेत. आधी मला इथून काढ."

बुधवारी पावणेआठला ताईने लिहिलं, "निघते. पिशवी भर." धाकटीने कॉम्प्युटर बंद केला, कपडे आणि कागदपत्रं पिशवीत कोंबून ती चामड्याच्या ढिगाखाली सारली. आठला कुलपाचा आवाज झाला. इतक्या लवकर ताई येणं शक्य नव्हतं.

वस्तादच होता. एका शिकाऊचं नाक फुटलं म्हणून वर्ग लवकर सुटला होता. त्याने आतून कडी घातली आणि बूट काढायला कॉम्प्युटरच्या डब्यावर हात टेकला.

हात तिथेच राहिला. डबा गरम होता.

त्याने फोन काढून पाहिला. लाँचरमध्ये शून्य मिनिटं. त्या लाँचरवर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता, म्हणून तो आधी गोंधळला आणि मग त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"काय केलंस?"

"काही नाही."

त्याने तिचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. तिने हात वर केला तर त्याने मनगट पिरगळलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज तिने स्वतः ऐकला. मग तो तिच्या छातीवर गुडघा टेकून बसला आणि गळा आवळू लागला. शिकवताना मोजायचा तसा हळू आवाजात आकडे मोजत होता. एक. दोन. तीन.

धाकटीचा उजवा हात शिलाई मशीनखाली चाचपडत होता. चामड्याला भोकं पाडायची आरी हाताला लागली. लाकडी मूठ, बोटाएवढं लांब टोक. तिने ती त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली.

तो गुरासारखा हंबरला आणि आडवा झाला. ती खोकत उठली. तो फरशीवर मांडी धरून पडला होता, तोंड उघडं, आणि तिच्याकडे बघत होता. दार चार पावलांवर होतं. पण ती दाराकडे गेली नाही. आरी उपसून तिने त्याच्या डाव्या पंजात मारली, आरपार, खालच्या फरशीवर टोक वाजेपर्यंत.

मग तिने कडी काढली आणि पिशवी ओढत जिन्यात जाऊन बसून राहिली. ताई आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. हातात लांब दांड्याचं कटर, डोक्यावर कामावरचं पिवळं शिरस्त्राण. तिने आत डोकावून पाहिलं, कटर भिंतीला टेकवलं आणि आधी रुग्णवाहिका बोलावली.

दुपारी इस्पितळात धाकटीच्या मनगटाला प्लास्टर घातलं, भुवईला सात टाके पडले. वस्ताद वरच्या मजल्यावर होता. त्याच्या पंजाचं ऑपरेशन चाललं होतं. जबाब घ्यायला एक फौजदारबाई आल्या आणि चहा संपवून येते म्हणून बाहेर थांबल्या.

"गळा आवळला म्हणून मारलं, एवढंच सांग," ताई म्हणाली. "पुढचं मी बघते."

"पहिला त्यासाठी. दुसरा नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या वेळी तो पडलेला होता, ताई. मला जाता आलं असतं. त्या हाताने त्याला पुन्हा मूठ वळता येऊ नये म्हणून मारला."

ताईने बहिणीच्या गळ्यावरचे बोटांचे व्रण पाहिले.

"हे असं सांगितलंस तर केस तुझ्यावरही होईल."

"होऊ दे."

"त्याच्यासाठी तू कशाला आत जायचंस?"

"त्याच्यासाठी नाही. दोन वर्षं रोज खोटं बोलले. शेजाऱ्यांशी, डॉक्टरांशी, तुझ्याशी. आता जीभ वळत नाही."

फौजदारबाई आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. धाकटीने मंगळवारपासून सुरुवात केली आणि दुसऱ्या घावापर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी एकदाच लिहायचं थांबून विचारलं, "हे असंच लिहू?" ती हो म्हणाली. दोन्ही बाजूंनी खटले उभे राहिले आणि तीन वर्षं चालले. वस्तादाला पाच वर्षांची शिक्षा झाली, तिला सहा महिन्यांची. ती तिने पुरी भोगली. सुटली त्या दिवशी ताई फाटकाशी उभी होती, आणि दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेल्या.