वाऱ्यापुढे आडवा झालेला तंबू

मी एक जुना तंबू आहे. माझ्या अंगावर ठिगळे आहेत, एका कोपऱ्याला कॉफीचा मोठा डाग आहे आणि दाराची चेन ओढली की ती चांगलीच कुरकुरते. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात, रेड टँक नावाच्या कॅम्पग्राउंडवर, माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्याच तंबूला नाही. तो मान मी कसा मिळवला, ते ऐका.

माझा जन्म टूसॉन शहरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. जाड कॅनव्हास, दुहेरी शिवण आणि वरून मेणाचा हात. शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घातला आणि माझी शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. ती हलली नाही, तेव्हा बाई खूश झाली. हार्लन आणि ओडेसा या नव्या जोडप्याने मला घरी नेले आणि मग दर मार्चला आमची स्वारी रेड टँकवर जाऊ लागली. हार्लन विस्तवावर लोखंडी भांड्यात मक्याचा पाव भाजायचा. ओडेसा पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करायची. डोमकावळे उघड्या डब्यातले सॉसेज पळवायचे आणि ती त्यांच्यामागे झारा घेऊन धावायची. फार सुखाचे दिवस होते ते.

एक गोष्ट मात्र मला सलायची. दिवसा भटकायला जाताना हार्लन माझा मधला खांब काढून मला जमिनीवर सपाट पाडायचा आणि अंगावर दगड ठेवायचा. वाळवंटातला दुपारचा वारा सांगून येत नाही आणि भुसभुशीत वाळूत खुंट्या धरत नाहीत, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते! शेजारचे तंबू ऐटीत उभे आणि मी आपला लोळतोय, याची मला भारी लाज वाटे.

पुढे हार्लन वारला. मी गॅरेजच्या माळ्यावर जाऊन पडलो. उंदरांनी माझ्या घडीत बिऱ्हाड केले. कोणी मला हाक मारली नाही की उन्हात घातले नाही. आणि मग गेल्या मार्चमध्ये ओडेसाने मला स्वतः खाली ओढले, झटकले, भोकांना ठिगळे लावली.

तिची मुलगी मार्लिस कमरेवर हात ठेवून बघत होती. "आई, आधी स्वतःचे गुडघे बघ. या वयात जमिनीवर झोपतं का कोणी? त्यापेक्षा समुद्रकाठी छान हॉटेलात जाऊ."

"तिथे काय करू? वाळू तीच, वर माणसांची गर्दी!" ओडेसा म्हणाली. "ऐका. या खेपेला माझ्या तंबूनं एकदा जरी त्रास दिला, तर याला तिथल्याच कचरापेटीत टाकीन आणि पुढच्या वर्षीपासून निमूट तुमच्या हॉटेलात येईन. पण नाही दिला, तर दर मार्चला वाळवंट. मग कुरकूर ऐकून घेणार नाही."

"सासूबाई, शब्द म्हणजे शब्द हं!" जावई ट्रेंट हसला.

ट्रेंटने स्वतःसाठी आणि मार्लिससाठी नवाकोरा नारिंगी तंबू आणला होता. खिडक्या काय, पडदे काय! "याच्यात उभं राहून पँट घालता येते," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी तिघे खिंडीकडे फिरायला निघाले. ओडेसाने माझा खांब काढला आणि कण्हत-कुंथत एकेक दगड माझ्यावर ठेवला.

"रात्री उभा करायचा, सकाळी पाडायचा! सासूबाई, हा तंबू आहे की अंथरूण?"

"जावईबापू, तुमचाही आडवा करा. वारा येईल."

"आभाळ बघा की किती निळं आहे! आणि खुंट्या चांगल्या ठोकल्यात मी."

"बरं बाबा. तुमचा तंबू, तुमची हौस."

दुपारी वारा आला. आधी वाळू उडाली, मग मोकळ्या खुर्च्या, मग कोणाची तरी टोपली. नारिंगी तंबू पोट फुगवून उभा होता. त्याच्या खुंट्या पटापट उखडल्या आणि तो पतंगासारखा उडून गेला. तेवढ्यात माझ्याही एका कोपऱ्यावरचा दगड घरंगळला. कोपरा फडफडू लागला. माझ्या डोळ्यांपुढे कचरापेटी आली आणि तिच्याशेजारी मान खाली घालून उभी असलेली ओडेसा. मी जीव एकवटून जमीन धरली. शिवण ताणली गेली, पण एक टाकासुद्धा उसवला नाही!

तिघे परतले तेव्हा वारा पडला होता. ट्रेंट मोकळ्या जागेकडे बघत राहिला. "इथंच होता ना?"

पहारा देणारी रेंजर ओफेलिया तिथे आली. "नारिंगी चिंध्या तुमच्याच का? तिकडे निवडुंगावर लटकल्यात." मग तिने माझ्याकडे पाहिले. "सगळ्या तळावर हा एकच शहाणा दिसतोय."

चिंध्या सोडवायला गेलेला ट्रेंट तळहातभर निवडुंगाचे काटेरी गोळे घेऊन आला. ओडेसाने केसांतला कंगवा काढला आणि काट्यांखाली घालून एकेक गोळा उडवला. तो ओरडत होता आणि मार्लिसला हसू आवरत नव्हते.

सूर्य बुडाला तशी थंडी पडू लागली. ओडेसाने खांब लावला आणि मी ताठ उभा राहिलो. तिने दार उघडून धरले.

"या जावईबापू, वाकून या. इथं उभं राहून पँट घालता येत नाही."

ट्रेंट वाकून आत आला आणि हार्लनच्या जुन्या ब्लँकेटमध्ये शिरला. थोड्या वेळाने म्हणाला, "सासूबाई, पुढच्या मार्चला मक्याच्या पावाचं भांडं घेऊ या ना बरोबर?"

ओडेसा एवढ्या मोठ्याने हसली की माझे कापड थरथरले. त्या रात्री माझ्यासारखा आनंदी तंबू साऱ्या वाळवंटात नव्हता.

या मार्चला आम्ही पुन्हा आलो आहोत. आज सकाळी ट्रेंटने स्वतः माझा खांब काढला आणि निवडून निवडून जड दगड ठेवले. शेजारच्या माणसाने हसून विचारले, तर त्याने त्यालाही त्याचा तंबू पाडायला लावला.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कोणी पडले असेल, तर फेकण्याआधी त्याला एकदा खाली काढा, ऊन दाखवा, ठिगळ लावा. आणि मला दुपारी दगडांखाली निजलेला पाहिलात, तर हरलेला समजू नका. रात्री जेवणाच्या वेळी या. मी उभा असेन आणि आत ओडेसा पत्ते पिसत असेल.