आईच्या रुमालाच्या चिंध्या

आईला थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. ते घेतल्यावर दोनच दिवसांत तिचं हृदय थांबलं. ती गेली त्या वॉर्डातली किरणांपासूनच्या सुरक्षिततेचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी जवळच्या माळावर अणुबॉम्बच्या चाचण्या होत, त्या सेमेय शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात माझी नोकरीच ती.

त्या खोलीत गेलेली वस्तू बाहेर येत नाही. औषध रोग्याच्या घामात, लाळेत उतरतं, कपड्यांना लागतं. मयताची आंघोळही मी घरी होऊ दिली नाही. वॉर्डातच, वयस्क बायकांनी, हातमोजे घालून, लवकर उरकायची. आईची धाकटी बहीण कमर आपा यांनी मुकाट्यानं सगळं केलं. जाताना एवढंच म्हणाल्या की त्यांच्या बहिणीनं आयुष्यात कधी इतक्या घाईनं अंग धुतलं नव्हतं.

दफन झालं. घरी बायकांच्या खोलीत शोकगीत चाललं होतं. आपांची नातसून मोल्दिर आपल्या बाळाच्या पाळण्याजवळ बसली होती. पाळण्याच्या आडव्या दांडीला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली होती. पट्टीच्या काठाला निळा टाका होता. तो मी घातला होता, आईचा डोईचा रुमाल उसवला तेव्हा.

ऐंशी ओलांडून गेलेल्या माणसाचं कापड आमच्याकडे फाडून वाटतात. त्याचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. आई गेली त्या गोंधळात नर्सनं दया येऊन आपांना आत सोडलं होतं, आणि त्यांनी उशाजवळचा तो रुमाल बाहीत लपवून आणून घरी फाडून वाटला होता.

मी गाडीतून किरणं मोजायचं यंत्र आणलं. पट्टीजवळ धरताच ते कडकडू लागलं. शोकगीत थांबलं.

सगळ्यांनी आपापल्या चिंध्या द्याव्यात, असं मी सांगितलं. कुणी हललं नाही. सगळ्या आपांकडे बघत राहिल्या.

"मी तिचं आयुष्य वाटलं," आपा म्हणाल्या. "तू काय वाटतेयस? भीती? बॉम्बचे ते ढग आम्ही अंगणात उभं राहून बघितलेत, रायखान. मला शिकवू नकोस."

"तुमच्यासाठी नाही मागत, आपा. पट्टीचं टोक ओलं आहे."

आपांनी टोक चिमटीत धरून पाहिलं. मोल्दिर हळूच म्हणाली, दात येताहेत, हाताला लागेल ते चघळतो. आपांनी पट्टीची गाठ सोडायला घेतली. ती त्यांनीच घट्ट मारलेली होती, सुटेना. शेवटी दातांनी सोडवायला गेल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

कात्रीनं कापली. चिंध्या एकेक करून माझ्या पिशवीत आल्या. बाळाला आम्ही रुग्णालयात नेलं, साधं आयोडीन पाजलं, म्हणजे जे अजून पोटात आहे ते तरी गळ्यात साठणार नाही. आपांनी त्याला दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दिलं नाही. मी त्याच्या गळ्याशी यंत्र धरलं. ते बोललं, हळू, पण बोललं.

"आहे का ती तिथं?" आपांनी विचारलं.

"आहे."

पोलक्याच्या आतून त्यांनी घडी घातलेला एक मोठा तुकडा काढला. तो माझ्या वाट्याचा होता. हातमोजा घालून मी तो घेतला आणि बाकीच्यांबरोबर शिशाच्या पेटीत ठेवला.

पुढे दर आठवड्याला आपा बाळाला घेऊन येत. यंत्र धरलं की तोच प्रश्न, तेच उत्तर. पुढं काय होईल ते मी त्यांना सांगितलं होतं: हा मोठा होईपर्यंत दरवर्षी गळा तपासावा लागेल, आणि काही निघणारच नाही असं मी म्हणू शकत नाही. त्यावर त्यांनी मान हलवली होती, जणू हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

शरदात एके सकाळी यंत्र गप्प राहिलं. मी ते दुसऱ्यांदा धरून पाहिलं.

"आहे का?" आपांनी विचारलं.

आईबद्दल तो शब्द मी तोवर कुणापाशी उच्चारला नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

आपांनी बाळाच्या कुडत्याची वरची गुंडी लावली आणि त्याला छातीशी धरलं.